मुलाणी तात्यांचा फळा

आमच्या हापिसात शिरताना सगळ्यात आधी एक काळा फळा दिसतो. वर पांढऱ्या रंगानं लिहिलंय, 'अपघात न होता गेलेले दिवस', आणि खाली खडूनं एक आकडा. असा फळा कारखान्याच्या गेटवर असतो हे मला मान्य आहे. पण आमचा कारखाना नाही. आम्ही बारामतीत, भिगवण रस्त्यावर एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो आणि कानाला हेडफोन लावून शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देतो. डाळिंबाला काय फवारायचं, टोमॅटोची पानं का वळली, दोडक्याला पाणी किती द्यायचं. बावीस माणसं, बावीस खुर्च्या आणि पाण्याचे दोन जार. अशा जागी अपघात व्हायचा तो कशाचा? तरीसुद्धा फळा लागल्यावर पहिले दोन महिने तो आकडा तीनच्या वर गेला नाही.

याचं सगळं श्रेय दगडूभाई मुलाणी यांना. हापिसात त्यांना सगळे मुलाणी तात्या म्हणतात. तात्या पळसदेवचे, साठी कधीच उलटलेली. एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. तिथून निवृत्त झाल्यावर आमचे मालक किरणशेठ यांनी त्यांना वरकड कामांसाठी ठेवून घेतलं. वीजबिल भरणं, झेरॉक्स आणणं, तहसीलला कागद देऊन येणं, एवढंच काम. पण तात्यांनी तिसऱ्याच दिवशी एसटीतून हा फळा आणला, सोबत एक लांबडी वही आणली, आणि कुणाला न विचारता दाराशी खिळा ठोकला.

किरणशेठ हसले. म्हणाले, "तात्या, हा काय कारखाना आहे का?"

"शेठ, ही पोरं हात-पाय घरी ठिवून येत्यात व्हय? आणत्यात न्हवं संगं? मग लागणार," तात्या म्हणाले आणि खडूनं शून्य काढलं. खिळा ठोकताना खालच्या दुकानदाराच्या छताचा पोपडा एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडला होता. त्याची नोंद मात्र केली नाही, कारण ते गिऱ्हाईक आमच्या कामाला नव्हतं.

मी घाडगे. या बावीस जणांचा टीम लीडर, म्हणजे शिव्या वरून खायच्या आणि खाली देताना दहा वेळा विचार करायचा, अशा जागेवरचा माणूस. तात्यांचा पहिला बळी मीच. स्टेपलरची पिन अंगठ्यात गेली आणि मी 'आई गं' म्हणालो. पुढच्या क्षणाला तात्या वही घेऊन शेजारी हजर. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अंगठा बघितला, पट्टी लावून जखम मोजली आणि तो प्रश्न विचारला, जो पुढं आम्ही झोपेतही ऐकायला लागलो.

"कामापायी का कशापायी?"

या प्रश्नावर तात्यांचं सगळं शास्त्र उभं आहे. माणसाला कामाच्या वेळेत लागलं एवढ्यानं भागत नाही, कामापायी लागलं पाहिजे. कामापायी लागलं तर जबाबदारी मालकाची. मग तो कारखाना असो, नाहीतर पंखा लावलेलं हापीस असो. मी शेतकऱ्याला पाठवायचे कागद टाचत होतो, म्हणजे कामापायी. फळा शून्यावर. शेजारच्या टेबलावरच्या पवारला डास चावून गाल सुजला, तर ते कशापायी, कारण डासाला आमच्या कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. पवारनं बराच वाद घातला, की खिडकीची जाळी फाटली आहे आणि जाळी कंपनीची आहे. तात्यांनी दोन दिवस विचार केला, जाळी तपासली आणि पवारचा गाल मागल्या तारखेनं वहीत घेतला.

एकदा मी डबा खाताना जीभ चावली. डबा खाणं हे खाजगी, असं तात्यांचं पहिलं मत होतं. पण समोर बसणाऱ्या रंजनानं साक्ष दिली की घाडगे सर तोंडात घास असताना एका शेतकऱ्याचा फोन घेत होते. झालं, फळा शून्यावर. निरवांगीच्या एका आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांना बुरशीनाशकाचं नाव ओरडून ओरडून सांगताना रंजनाचा आवाज बसला, त्याचीही नोंद झाली. 'अवयव' या रकान्यात तात्यांनी 'गळा, आतून' असं लिहिलं. त्या आजोबांना मग तात्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, की औषधाचं नाव दुकानदाराच्या कानात सांगतो, तुमी फकस्त दुकानात जावा.

सकाळी आल्यावर तात्या बावीस टेबलांखालून वाकून फिरतात. सैल वायर दिसली की चिकटपट्टी मारतात. स्टूल दिसलं की त्यावर चढून एकदा थोडीशी उडी मारून बघतात, आणि त्यांचं वय पाहता त्या हापिसात सगळ्यात धोकादायक प्रकार तोच असावा. फोनवर बोलताना आपण पुढं कलंडलो की मागून खांद्यावर टकटक होते, "कणा, कणा." शेतकऱ्याला वाटतं औषधाचं नाव आहे. एकानं मला दुकानातून परत फोन केला, की कणा शिल्लक नाही म्हणतायत, दुसरं काही चालेल का.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतात औताची, गॅरेजात पान्यांची, आमच्या हापिसात कॉम्प्युटरची. त्या दिवशी कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं, आणि तात्या शेजारी उभे राहून म्हणाले, "खुर्चीनं काय तुमचं घोडं मारलंय?"

आम्हाला कळेना. तात्या म्हणाले, "दिवसातलं आठ तास हिच्यावर काढता. हापिसाचं खरं औत हीच हाय. फाळ ढिला असला तर बैलाचाच पाय कापतोय. वर्सातनं एकदा तरी हात लावून बघा तिला."

मग बावीस खुर्च्यांना कुंकू लागलं. गंमत म्हणजे त्या निमित्तानं प्रत्येक खुर्ची हलवून बघितली गेली, आणि तात्यांनी वहीत लिहून ठेवलं, 'सहा नंबरची खुर्ची, चाक ढिलं, बदलावी'. सहा नंबरवर सुरेखा कोळेकर बसायची. सुरेखा इंदापूरहून रोज एसटीनं येते. नवरा वारलेला, घरी सासू आणि पाचवीतली मुलगी, कमावणारी ही एकटी. भाज्यांवरच्या किडीबद्दल तिच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही. शेतकरी फोन लावून आधी विचारतात, "सुरेखाताई हायेत का? मग थांबतो."

फळ्याचं दैव पालटलं ते एका साध्या गोष्टीनं. आकडा कसाबसा सोळावर गेला होता आणि सतराव्या दिवशी मी ड्रॉवरमध्ये बोट चेमटून घेतलं. तात्यांनी शून्य काढलं आणि दुपारी डबाच उघडला नाही. सुरेखानं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय गं. घरी एकटाच असतोय. काल निजताना मनात म्हनलं, उद्या सतरा हुत्याल."

एवढंच बोलले आणि झेरॉक्स आणायला गेले. मला स्वतःच्या बोटाचा राग आला. मधल्या सुट्टीत रंजनानं ठराव मांडला, की आजपासून हापिसात कुणाला काही लागणार नाही. लागलंच तर ते घरी लागलं. बावीसच्या बावीस हात वर झाले, त्यातले दोन पट्टी बांधलेले होते.

आता बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण आमच्या भागात ही जुनीच रीत आहे. इथं माणूस कुठंही पडो, दवाखान्यात गेला की तो घरीच पडलेला असतो. ट्रॅक्टरवरून पडला, घरी पडला. दुसऱ्याच्या गोडाऊनवर पोत्याखाली सापडला, घरी पडला. मालकाला ताप नको, कागदपत्रं नकोत, चौकशी नको. खरं सांगणाऱ्याला लोक म्हणतात, ज्याचं मीठ खाल्लं त्याला गोत्यात आणलं. आम्ही तर हे मालकासाठीही करत नव्हतो, तात्यांसाठी करत होतो, त्यामुळं आम्हाला उलट पुण्य केल्यासारखं वाटायचं.

पुढच्या तीन महिन्यांत आमच्या हापिसातल्या लोकांना घरी इतकं लागलं, की कुणालाही वाटावं बारामतीतली घरं पाडून पुन्हा बांधावीत. पवारचा हात घरच्या चहानं भाजला, तोही सकाळी साडेअकराला. मला घरचा खिळा लागला, मी घरच्या दारात चेंगरलो, माझ्या बायकोविषयी लोक वेगळंच बोलायला लागले. तात्या प्रत्येकाची चौकशी करायचे, हळदीची पूड आणून द्यायचे, आणि वही कोरीच्या कोरी. आकडा तीस झाला, पन्नास झाला. पन्नासाव्या दिवशी तात्या ईदचा पांढरा सदरा घालून आणि अत्तर लावून आले. सगळ्यांना भाजलेल्या शेंगा वाटल्या. आकडा साठच्या पुढं गेल्यावर टेबलाखाली वाकणंही त्यांनी कमी केलं. सकाळी आले की पहिल्यांदा आकडा पुसायचा, नवा काढायचा, लांब उभं राहून बघायचं. सहा नंबरच्या चाकाची नोंद वहीतच राहिली.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तात्या कागद घेऊन इंदापूरला तहसीलात गेले होते. सुरेखा एका शेतकऱ्याला सांगत होती, की घाबरू नका, फुलकिडे आहेत, जाणार. बोलता बोलता ती वही घ्यायला मागं वळली आणि खुर्चीचं चाक निखळलं. ती उजव्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या टेबलावर ऐकला. पडल्यावरही हेडफोन तिच्या गळ्यातच होता आणि त्यातून तो माणूस म्हणत होता, "ताई, किती मिली म्हणालात?"

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत ती म्हणाली, "सर, आज अठ्ठ्याऐंशी आहे."

आणि मी म्हणालो, "घरी पडलीस असं सांग." हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन मला सुटता येणार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कुठं पडलात. सुरेखा म्हणाली, घरी, न्हाणीत. डॉक्टरांनी तिच्या गळ्यातल्या हेडफोनकडं बघितलं. "न्हाणीत गाणी ऐकता वाटतं," एवढं म्हणून त्यांनी 'घरी, न्हाणीत' असंच लिहिलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर, सहा आठवडे. तुटकी खुर्ची आम्ही जिन्याखाली नेऊन ठेवली. संध्याकाळी तात्या आले तेव्हा सगळे मान खाली घालून फोनवर बोलत होते, अगदी ज्यांना फोन आला नव्हता तेसुद्धा. तात्यांना कळलं ते एवढंच, की सुरेखा घरी न्हाणीत पडली.

पुढं काय होईल याचा विचार आम्ही केलाच नव्हता. घरी पडलेल्या माणसाला घरचीच रजा, म्हणजे स्वतःच्या शिल्लकेतली. ती दहा दिवसांत संपली. पुढं बिनपगारी, आणि किरणशेठ म्हणाले, "सहा नंबर असा किती दिवस रिकामा ठेवू? फोन वाजतात. सोमवारी एक नवी मुलगी येतेय." बोलले ते रागानं नाही, अडचण सांगावी तसं. मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर नुसता आकडा मोडला नसता, मीही मोडलो असतो.

सोमवारीच शंभरावा दिवस होता. रविवारी तात्यांचा मला फोन. "घाडगे, सुरेखाला पेढं द्याला जाऊ. शंभराला समदी पायजेल. तिला म्हनावं, तासभर येऊन बस."

इंदापुरात बाजारामागच्या गल्लीत सुरेखाचं घर. सुरेखा हात गळ्यात बांधून डाव्या हातानं भाकरी भाजत होती आणि भाकरीचा नकाशा झाला होता. सासूबाईंनी आम्हाला पाणी दिलं. तात्या आपल्या नेहमीच्या काळजीनं म्हणाले, "मावशी, न्हाणीत फरशी गुळगुळीत असंल तर एक गोणपाट टाका. पोर पुन्हा पडायची."

सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीत कोण पडलं?"

मी डोळ्यांनी खुणा केल्या, पण त्यांना मोतीबिंदू आहे. त्या आपल्या सरळ बोलत राहिल्या. "ती काय घरी पडली व्हय? सकाळी धडधाकट डबा घिऊन गेली, अन् सांजच्याला हात बांधून आली. हापिसातच पडली की ती. आता तुमी तिच्या जागी दुसरी घेताय म्हनं. पोरीची शाळा हाय बाबा, तिचं काय करायचं आमी?"

तात्यांनी हातातला पेढ्याचा पुडा खाली ठेवला. सुरेखाकडं बघितलं. तवा भरून धूर झाला तरी तिनं भाकरी उलटली नाही.

"कामापायी का कशापायी?" तात्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू कधी विचारला नव्हता.

सुरेखा रडायला लागली. "तात्या, तुमचे शंभर होत आले होते."

इंदापूरच्या एसटी स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो. त्यांची गाडी पळसदेवची, माझी बारामतीची. सोलापूरकडं जाणारे ट्रक धाडधाड चालले होते. तात्या म्हणाले, "तू हुतास तितं?"

"होतो."

"घरी पडली म्हनून कुणी शिकवलं?"

"मी."

मला वाटलं आता सगळं स्टँड ऐकेल असं काहीतरी बोलतील. पण ते म्हणाले, "न्हाय. मी शिकवलं. चाक ढिलं हाय हे माझ्या वहीत हाय. मी आकडा बघत बसलो. हौस माझी, अन् हात तिचा मोडला."

त्यांची गाडी आली. चढताना त्यांचा पाय पायरीवर नीट पडला नाही, मी धरलं. खरं सांगतो, त्या दिवशी बारामतीपर्यंत मला माझीच लाज वाटत होती.

सोमवारी रंजनानं फळ्याला झेंडूची माळ आणली होती. किरणशेठही नवा शर्ट घालून आले होते, कारण शंभराच्या फळ्यासोबत त्यांना फोटो काढून घ्यायचा होता. तात्या आले ते ओलं फडकं घेऊनच. नव्व्याण्णव पुसलं आणि शून्य काढलं. माळ हातात धरून रंजना तशीच उभी.

किरणशेठ म्हणाले, "तात्या, एक शून्य कशाला, दोन काढायची असतात. आधी एक लिहा."

"एवढंच हाय शेठ," तात्या म्हणाले. "सुरेखा हापिसात पडली. कामापायी. आपल्या खुर्चीवरनं."

किरणशेठनी आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे फळ्याकडं बघत होतो. त्यांनी तात्यांना आत बोलावलं, पण तात्या म्हणाले, हितंच बोलू, समद्यांचंच हाय. मग शेठ म्हणाले, "दवाखान्याच्या कागदावर घर लिहिलंय. बाई स्वतः घर म्हणते. आणि आपण होऊन पायावर धोंडा पाडून घ्यायचा? आपलं साधं हापीस आहे तात्या. इथं कुठं मशिनी आहेत?"

"कायद्यात काय कलम हाय ते वकील सांगंल तुमाला. मला एवढं ठावं, काम आपलं, खुर्ची आपली, अन् चाक आपल्याच खुर्चीचं निघालं. कागदावर घर लिवलं म्हनून हाड घरी मोडत न्हाय. आमच्या पळसदेवला धरणाच्या पाण्याखाली जुनं देऊळ हाय. उन्हाळा आला, पाणी हटलं, की वर येतंय. लपवलेलं असंच असतंय शेठ. आज न्हाय तर उन्हाळ्यात." तात्यांनी वही उघडून सहा नंबरची नोंद पुढं केली. "चाक ढिलं हाय हे मला म्हाईत हुतं. बदललं न्हाय. कुणाला काढायचं तर मला काढा. पर पोरीची जागा काढू नगा."

आता माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणालो, "शेठ, मी तिथं होतो. घरी पडली असं मीच सांगायला लावलं. मी लिहून देतो."

पवारही म्हणाला की त्याचा हात हापिसातल्या चहानं भाजला होता. मग रंजना, मग पाटील, मग सगळेच. तीन महिन्यांचे घरगुती अपघात एकामागून एक हापिसात परत आले. तात्या वही उघडी धरून ऐकत होते. किरणशेठ दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "अरे, हे हापीस आहे का आखाडा? आणि मला सांगा, एक हेडफोन दोन आठवडे सापडत नाहीये, तोही कुणाच्या हाडासोबत गेलाय का?"

"सुरेखाकडं आहे," मी म्हणालो.

"चोरला?"

"गळ्यात होता. पडली तेव्हा ती फोनवर बोलत होती."

किरणशेठ माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त आधी नको म्हणून बघायची सवय आहे. जिन्याखालून त्यांनी ती खुर्ची मागवली. तिला धरून हलवलं. खुर्ची लंगडी होऊन त्यांच्याच पायावर आली, आणि तात्या सवयीनं म्हणाले, "लागलं का शेठ?"

"लागलं," शेठ म्हणाले. पाय चोळत खुर्चीकडं बघितलं. मग म्हणाले, "लिहा, कामापायी. दोन्ही लिहा. दवाखाना कंपनीचा, पगार चालू, सहा नंबर तिचाच. त्या नव्या मुलीला तेवीस नंबरची खुर्ची आणा. विम्यावाल्याला मी फोन करतो, आपण हप्ते भरतो ते काय त्याच्या तोंडाकडं बघून?"

दवाखान्यात कागद दुरुस्त करायला मी आणि तात्या गेलो. डॉक्टर म्हणाले, "न्हाणीतला हेडफोन ना? मी वाटच बघत होतो." माझ्याकडून जबाब लिहून घेतला आणि वर चार शब्द सुनावले. ते मी मुकाट ऐकून घेतले, कारण वरून शिव्या खायची मला सवय आहे आणि या वेळच्या माझ्या हक्काच्या होत्या.

प्लास्टरचे सहा आठवडे संपल्यावर सुरेखा परत आली. ज्या दिवशी ती आली त्याच दिवशी तात्या जुन्या खुर्च्या एकेक करून जिन्यानं खाली नेत होते. शेठनी नव्या मागवल्या होत्या. दुपारी सगळं आटपून तात्या सुरेखाच्या टेबलाशी आले. नवी खुर्ची दोन-तीनदा हलवून बघितली, तिला बसायला लावलं, मनगट कसं आहे विचारलं, रात्री ठणकतंय का विचारलं, लिहिताना बोटं आखडतात का विचारलं. हे सगळं विचारताना त्यांचा डावा हात पाठीमागं होता.

सुरेखा म्हणाली, "तात्या, हात दाखवा."

"काय न्हाय. तुझं सांग."

"दाखवा म्हणते ना." तिनं तो हात ओढून पुढं घेतला आणि उलटा केला. तळव्यावर बोटभर लांब चीर होती, वर नुसता रुमाल गुंडाळलेला. "हे कशानं? कधी लागलं? दुखतंय का?"

मी शेजारीच होतो. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या जखमा पट्टीनं मोजणारा हा माणूस हात तिच्या हातात तसाच ठेवून उभा राहिला.

"जैनब बघायची," ते म्हणाले. "आमची मंडळी. कारखान्यातनं आलो, की चहाच्या आधी दोन्ही हात बघायची. उलटं-पालटं करून. एक ओरखडा लपू द्यायची न्हाय. सात वर्सं झाली तिला जाऊन. तवापासनं कुणी इचारलंच न्हाय गं."

सुरेखानं जखम धुतली आणि हळद दाबली. तिच्या मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून पट्टीची गाठ मी बांधली. मी वही मागितली तर तात्या म्हणाले, माझं काय लिवायचं त्यात. आम्ही लिहिलं.

आता रोज सहाला, पळसदेवची गाडी धरायच्या आधी, तात्या सहा नंबरच्या टेबलाशी येतात आणि दोन्ही हात पुढं करतात. बहुतेक वेळा सुरेखा फोनवर असते. शेतकऱ्याला औषध किती आणि पाणी किती हे सांगता सांगता ती ते हात आधी पालथे बघते, मग उताणे बघते आणि मान हलवते. मग तात्या चपला घालून एसटीला जातात.